कॅ. बोंद्रे यांच्या जागी

विषय क्र. ३

दार उघडलं ते सत्तरीच्या एका गृहस्थांनी. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस, हातात रेझर. मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं.

"फार वाईट झालं."

"कशाचं?"

"कॅप्टनांचं."

त्यांनी आधी हातातल्या रेझरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पलीकडे रस्त्यावर, आणखी कोणी येतंय का ते बघायला.

"आपण कोण?"

मी नाव सांगितलं, कुमुद पाथरकर. शहर नामकरण सल्लागार समितीवर कॅप्टन जयवंत बोंद्रे यांच्या निधनाने जी जागा रिकामी झाली तिथे माझं नाव आलंय, परवा सभा आहे, त्याआधी घरी भेटून जावं म्हणून आले, असं एका दमात सांगून टाकलं.

"निधनाने," ते म्हणाले. शब्द कसा लागतो ते चाखून बघितल्यासारखे. "बसा की. एवढा गाल उरकून येतो."

आत जाता जाता वळले.

"मी त्याचा थोरला भाऊ समजा."

त्या भागातली माणसं बोलताना 'समजा' फार वापरतात. मी दोन वर्षांत तो शब्द ऐकायचं सोडून दिलं होतं.

विषय क्र. १ (आधी घ्यायचा राहून गेला)

मी वर्ध्याची. लग्न होऊन या गावात आले आणि तंत्रनिकेतनात मुलांना नकाशे काढायला शिकवू लागले. राहत होते ती वसाहत मात्र कुठल्याच नकाशात नव्हती. एस.टी. डेपोच्या मागच्या जमिनीचे तुकडे पडले, चांगल्या तुकड्यांना बिल्डरांनी गोड नावं दिली, आणि कडेला जे वेडंवाकडं राहिलं त्याला पालिकेच्या कागदात 'उर्वरित क्षेत्र' म्हणत. तिथे आम्ही सगळे. रिक्षावाल्याला 'डेपोमागे' सांगायचं, तो डेपोच्या मागे सोडायचा, आणि तिथून पुढे ज्याचं त्याने बघायचं.

शेजारच्या घस्ते वहिनींच्या पुष्पाला बघायला मंडळी येणार होती. ती दुपारभर डेपोला प्रदक्षिणा घालून परत गेली. इकडे वहिनींनी पोह्यांची फोडणी करून ठेवली होती आणि पुष्पा साडीची घडी मोडू नये म्हणून उभीच होती. पुढे निरोप आला की जिथला पत्ता सांगता येत नाही तिथली मुलगी नको. पुष्पा हसली. त्या रात्री वहिनींनी सगळ्या गल्लीला पोहे वाटले.

समितीवर जागा निघाल्याचं कळलं तेव्हा मी अर्ज केला तो यासाठी. वसाहतीला एक नाव मिळवून द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. नावही ठरलं होतं, सुरभीनगर. कुणाला आक्षेप घेता येणार नाही असं.

समितीचं काम बघणारे लिपिक आयरेकर. त्यांनी बातमी सांगितली की अर्ज आपल्यासारख्या शिकलेल्या बाईचा एकच आला, म्हणजे झालंच समजा. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले की इथली एक रीत आहे. ज्याच्या जागी बसायचं त्याच्या घरी आधी जाऊन यायचं. पाणी दिलं तर घ्यायचं, चहा नाही. आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही. दुःखाच्या घरी पुन्हा येते कसं म्हणणार? तेही 'या' म्हणणार नाहीत. नुसतं उठायचं आणि निघायचं.

आमच्याकडेही हेच आहे, मी म्हणाले.

विषय क्र. ३ (पुढे चालू)

ते दोन्ही गाल साफ करून आले. कानाजवळ फेसाचा एक ठिपका तसाच होता. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवून ते पुढे वाकून बसले. शोक करणारा माणूस मागे टेकून बसतो असं मला आजवर वाटत आलं होतं.

"कशानं गेला म्हणतात?"

"ते तुम्हालाच माहीत असणार."

"मला माहीत आहे ते राहू दे. गावात काय म्हणतात?"

"हृदयविकार म्हणाले."

"बरं आहे," ते समाधानाने म्हणाले. "नाहीतर लोक काय वाट्टेल ते म्हणतात."

मग त्यांनी खोदून खोदून विचारलं. दुखवट्याचा ठराव कोणी मांडला. नव्या अध्यक्ष मगदूमबाई, मी सांगितलं. त्यांनी तर त्याला कधी बघितलंही नव्हतं, ते म्हणाले. सगळे उभे राहिले का? हेर्लेकर वकीलही? त्यांचे तर गुडघे दुखतात. वकीलही उभे राहिले होते असं आयरेकर म्हणाले होते, ते मी सांगितलं, आणि त्यावर ते बराच वेळ मान हलवत राहिले. ठरावात काय लिहिलंय? मला आठवत होतं तेवढं सांगितलं, की मैदानावर वाघ आणि सभेत शांत, असं काहीसं.

"शांत." त्यांना हसू आलं. "सहा वर्षांत एकच शब्द बोलला तो. अनुमोदन. कुणी काही मांडलं की सगळे त्याच्याकडं बघायचे. हात वर करायचा आणि शब्द टाकायचा. कबड्डीचा कॅप्टन म्हणून घेतला होता ना समितीवर. शोभेला."

"स्वतः कधी काही मांडलं नाही त्यांनी?"

"एकदा मांडलं. अनुमोदक मिळाला नाही. मिळणार कुठला, अनुमोदन देणारा तोच होता."

भिंतीवर संघाचा फोटो होता, अर्ध्या चड्ड्यांतले सात तरुण, छाती पुढे काढलेले. त्याला हार नव्हता. खोलीत कुठल्याच फोटोला हार नव्हता, दिवाही नव्हता. मी विचारलं, यातले कॅप्टन कुठले? त्यांनी मधला दाखवला.

"आणि तुम्ही?"

"मी पण तिथंच."

मी बघत राहिले, पण दुसरा सारखा चेहरा सापडला नाही. तेवढ्यात ते म्हणाले, त्याच्या नावाचा चौकबीक देणार असतील? हो, परवाच्याच सभेत विषय होता. कुठला चौक? जकात नाक्याजवळचा. हे मात्र त्यांना लागलं. तिथं तीन रस्ते येतात, ते म्हणाले, चौकाला चार लागतात. माणूस मेल्यावर एक रस्ता तरी पुरा द्यायचा.

मग माझी पाळी आली. मला काय पाहिजे या जागेचं? मी उर्वरित क्षेत्राचं सांगितलं. पुष्पाचं सांगितलं, पोह्यांचंही. सुरभीनगर सांगितलं.

"सुरभी कोण?"

"कोणी नाही. नाव आहे."

"तिथली माणसं काय म्हणतात त्या जागेला?"

"उर्वरित म्हणतात," मी हसून म्हणाले. "बसमधून उतरली की पोरं ओरडतात, चला उर्वरितला."

"मग नाव आहे की."

"ते नाव नाही हो. वाटून झाल्यावर जे राहिलं ते आहे."

त्यांनी फोटोकडे बोट केलं. मग म्हणाले, "सामन्यात एक एक गडी बाद होत जातो. शेवटी मैदानात एकटा राहतो बघा. प्रेक्षक सगळे त्याच्याकडंच बघत असतात. त्याला कुणी वाईट नाव ठेवत नाही."

मी उत्तर द्यायच्या आत शेजारच्या खिडकीतून एका बाईचा आवाज आला.

"कॅप्टन, हुबळीचा फोन. लवकर या, लेक धरून थांबलीय."

"आलो आलो," ते म्हणाले आणि उठलेसुद्धा. दारापर्यंत गेल्यावर थांबले. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. माझं काय होतंय ते बघायची त्यांना उत्सुकता होती. मग ते चप्पल घालून शेजारी गेले.

मी फोटोसमोर बसले होते आणि फोटोतला माणूस भिंतीपलीकडे फोनवर बोलत होता. मधूनमधून ऐकू येत होतं. मोठ्याने बोलायची सवय मैदानावरची असणार. मला उठून जाता आलं असतं. गेले नाही. पुढे काय होतंय ते मलाही बघायचं होतं.

ते परत आले.

"पोरीला सांगितलं मी मेलोय म्हणून."

"मग?"

"म्हणाली, औषध घेतलं का."

शुद्धिपत्र

यातलं काही कॅप्टननी तिथेच जुळवून सांगितलं, काही मला पुढे कळलं.

आयरेकरांच्या टाइपरायटरवरचा अर्धचंद्र मोडला होता. दुरुस्तीची मागणी वर गेली होती, ती वरच होती. त्यांच्या कागदांत ऑफिसचं आफिस आणि डॉक्टरचा डाक्टर होई, आणि जिथे अगदीच अडे तिथे ते दोन मात्रा मारून नंतर पेनाने अर्धचंद्र करत. बैंक व्हायची, पेन फिरला की बॅंक. सदस्यांच्या यादीत 'कै. जयवंत बोंद्रे' असं उमटलं आणि त्या दिवशी पेन फिरला नाही.

नव्या अध्यक्षांची ती पहिलीच सभा. यादी वाचता वाचता मगदूमबाई थांबल्या, चष्मा काढला आणि उठून उभ्या राहिल्या. अध्यक्ष उभ्या राहिल्या म्हणून बाकीचे राहिले. कॅप्टन आठ महिने लेकीकडे हुबळीला होते, कुणाची भेट नव्हती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला माहीत असणार. आणि शांतता पाळून एकदा खाली बसल्यावर कोण विचारणार, की गेले ते नक्की ना? हृदयविकार कुणीतरी जिन्यात जोडला.

कॅप्टन दोनच दिवसांपूर्वी गावात परतले होते. भेटायला आलेली मी पहिली.

विषय क्र. ३ (अजून चालूच)

"म्हणजे जागा रिकामी नाहीच," मी म्हणाले. एवढं सरळ वाक्य बोलायला मला तांब्यातलं सगळं पाणी प्यावं लागलं.

"कबड्डी बघितलीय का कधी?"

शाळेत खेळलेली होते, पण त्यांना सांगायचंच होतं.

"गडी मेला की बाहेर बसतो. आपल्यातल्या कुणी समोरचा मारला की हा जिवंत होऊन आत येतो. आपल्या मनानं उठून आत आला तर पंच शिट्टी मारतो." त्यांनी बोटाने सतरंजीवर एक रेघ ओढली. "मी ह्या रेघेच्या बाहेर आहे. तुम्ही आत आहात. खेळा."

मी म्हणाले की असं कसं चालेल, लोकांना कळेलच ना, तुम्ही भाजीला तरी जाल. कळू दे की, ते म्हणाले, परवाची सभा झाल्यावर कळू दे. एकदा तुमच्या वसाहतीचं नाव लागलं की ते कोण काढतंय? आणि आत बसून मी करणार काय होतो? हात वर.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं? त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही."

"सहा वर्षं तिथं बसलो," ते म्हणाले. "कुणी घरी आलं नाही. मेल्यावर तुम्ही आलात."

मी उठले. पदर सारखा केला. दारात चप्पल घालताना 'येते' अगदी ओठांवर आलं आणि मी तिथेच अडकले. म्हटलं तर समोर जिवंत माणूस आहे हे मी मान्य केलं. मग परवा त्या खुर्चीवर बसायचं कसं? नाही म्हटलं तर दारात उभ्या असलेल्या, कानाजवळ फेस राहिलेल्या या माणसाला मी आपल्या तोंडाने, म्हणजे तोंड न उघडता...

कॅप्टन माझ्याकडे बघत वाट पाहत होते.

मी नुसती मान हलवली आणि निघाले. त्यांनीही 'या' म्हटलं नाही.

विषय क्र. ७

सभेत मला जागेवर घ्यायला पानाला चुना लावायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. टेबलाभोवती अध्यक्ष मगदूमबाई, हेर्लेकर वकील, पेढीवरचे लाटकरशेठ आणि सुर्वेबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका. कोपऱ्यात आयरेकर लिहीत होते. माझ्या खुर्चीच्या हाताचं पॉलिश उजव्या बाजूला गेलेलं होतं. हात वर करताना कोपर तिथेच टेकत असणार.

दोन दिवस मी विचार करत होते, आणि विचार कॅप्टनांचा कमी, रेघेचा आणि मैदानात शेवटी उरलेल्या त्या गड्याचा जास्त. विषय क्रमांक सात आला तेव्हा मी उभी राहिले. हातातल्या कागदावर सुरभीनगर लिहिलेलं होतं. मी तो कागद उलटा ठेवला आणि सांगितलं की डेपोमागच्या वसाहतीला 'उर्वरित' हेच नाव अधिकृतपणे द्यावं, पाट्या लावाव्यात, बसला थांबा द्यावा. तिथली माणसं तेच म्हणतात.

लाटकरशेठ हसले. "मग शेजारच्या वसाहतीला वजाबाकी म्हणूया."

वकिलांनी सुचवलं की एखादं प्रसन्न नाव आणा, बाई, लगेच करून टाकू. सुर्वेबाई म्हणाल्या, सुगंधी काहीतरी. मी म्हणाले, हेच.

"अनुमोदक?" मगदूमबाईंनी विचारलं.

आणि सहा वर्षांच्या सवयीने सगळ्यांनी माझ्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे मीच बसले होते, त्यांच्याकडे बघत.

"अनुमोदक नाही. तर मग हा विषय..."

"अनुमोदन."

आवाज दारातून आला. पांढरी पँट, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही गाल स्वच्छ. नंतर कळलं, ते सभा सुरू झाल्यापासून बाहेर शिपायाच्या बाकावर बसून ऐकत होते. नियमाप्रमाणे त्यांना आत येता येत नव्हतं. मी समोरचा एकही गडी मारलेला नव्हता.

मगदूमबाईंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. "आपण कोण?" त्यांनी अदबीने विचारलं.

कॅप्टननी टेबलाभोवतीच्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. वकिलांनी चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला. लाटकरशेठ चहाच्या कपात काही पडलंय का ते बघू लागले. सुर्वेबाईंनी खाली मान घातली. आयरेकरांचा पेन कागदाच्या वर थांबला होता.

"कुणाच्या ओळखीचे आहेत का हे?"

कोणी बोललं नाही. या वेळी सगळे बसून होते एवढाच काय तो फरक.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे सगळे त्यांना ओळखायचं नाकारू शकतात. ज्याच्यासाठी उभे राहिलो तो माणूस दारात उभा आहे, हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं. मीही गप्प राहिले तर शिपाई या म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर नेईल, मी खुर्चीवर राहीन, आणि पुढच्या महिन्यात सुरभीनगर आणीन. त्याला अनुमोदन मिळेल. आत्ताच मिळालं होतं जवळजवळ.

मी उठले आणि खुर्ची मागे ओढली.

"हे कॅप्टन जयवंत बोंद्रे," मी म्हणाले. "मी यांच्या जागेवर बसलेय."

मगदूमबाईंचा हात आपोआप चष्म्याकडे गेला, पण या प्रसंगी चष्मा काढायचा की घालायचा ते त्यांना ठरवता येईना. "म्हणजे आपण त्या दिवशी..."

"अर्धचंद्र, बाई," आयरेकर कोपऱ्यातून पुटपुटले. कॅप्टन आणि मी सोडून कुणालाच ते समजलं नाही.

कॅप्टन येऊन खुर्चीवर बसले. उजवा कोपर पॉलिश गेलेल्या जागी टेकला. "अनुमोदन," ते पुन्हा म्हणाले, या वेळी आतून.

वकिलांना आवाज सापडला. सूचक सदस्यच नसतील तर सूचना कुठली, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर आयरेकर कागदावरून मान वर न करता म्हणाले की विषय मांडला तेव्हा पाथरकरबाई सदस्य होत्या, आणि मांडलेला विषय सभेचा होतो. मग कॅप्टन वकिलांना म्हणाले, "गुडघे कसे आहेत? माझ्यासाठी उभे राहिलात म्हणे."

वकिलांनी हात वर केला. त्याच्या आधी सुर्वेबाईंचा झाला होता. शेठनी सगळ्यात शेवटी, कप खाली ठेवून. जकात नाक्याच्या चौकाचा विषय पुढे होता. त्याच्यावर कोणी गेलं नाही.

आभार

आज बसच्या पाटीवर 'उर्वरित' असतं. नव्या मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही, त्यांना तो शब्द आधी गाव म्हणून भेटतो आणि मग गणितात. पुष्पाला बघायला आलेली दुसरी मंडळी विचारत विचारत न फिरता थेट दारात आली. पुष्पानेच नकार दिला. मुलगा तिला आवडला नाही, आणि वहिनींनी पुन्हा एकदा गल्लीला पोहे वाटले.

मी पुन्हा अर्ज केला नाही. कॅप्टन पुढे चार वर्षं समितीवर होते, आणि आयरेकरांच्या इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे अर्धचंद्र प्रत्येक वेळी लाल शाईने काढलेला असे.

त्या दिवशी सभा संपायला अजून वेळ होता. मला तिथे आता काही काम नव्हतं. मगदूमबाई म्हणाल्या, चहा तरी घ्या. मी नको म्हटलं, पिशवी खांद्याला लावली आणि दारापाशी आले. मागे वळले. कॅप्टन माझ्याकडेच बघत होते, परवा त्यांच्या दारात बघत होते तसेच.

"येते," मी म्हणाले.

"या," कॅप्टन म्हणाले.